पत्ता आपला, मजकूर त्याचा

मुलांनो, वर्ध्याहून आठेक किलोमीटरवरचं सेवाग्राम तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. आपल्या जिल्ह्यातल्या शाळेची एक तरी सहल तिथे जातेच. आदिनिवास, बापूकुटी, अंगणातला तो मोठा पिंपळ, सगळं बघून झालं की झाडाखाली बसून डबे सोडायचे! पण मी एक प्रश्न विचारते. या गावाचं नाव आधी काय होतं, सांगा बरं?

सेगाव. १९३६ साली गांधीजी इथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव हेच होतं. आता गंमत अशी की, बुलढाणा जिल्ह्यात गजानन महाराजांचं शेगाव आहेच, आणि तेही नागपूर-भुसावळ रेल्वेच्या वाटेवर. नावं जवळजवळ एकसारखी. गांधीजींना तर पत्रांचा ढीग येई. त्या पत्रांची सारखी गल्लत होऊ लागली. शेवटी १९४० साली गावाचं नाव बदलून ‘सेवाग्राम’ ठेवलं. टपाल नीट पोचावं म्हणून एका गावाचं नाव बदललं, बरं का!

प्रत्येक गावाचं नाव असं बदलणं काही शक्य नाही. आपल्या देशात एकाच नावाची कितीतरी गावं आहेत. त्यावर तोडगा काढला श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसानं. ते केंद्र सरकारच्या टपाल आणि दळणवळण खात्यातले मोठे अधिकारी होते, आणि संस्कृत कवीही होते. त्यांची पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. सेवाग्रामचा पिनकोड ४४२१०२ आणि बुलढाण्याच्या शेगावचा ४४४२०३. नावं किती का सारखी असेनात, आकडे वेगळे. मग चूक होईलच कशी?

हे सगळं मी का सांगते आहे? कारण मी वर्ध्यात संगणक शिकवते, आणि इंटरनेट कसं चालतं हे सांगायची वेळ आली की मला टपालच आठवतं. त्याला कारण माझे बाबा. ते आर्वी तालुक्यातल्या आमच्या लहानशा गावात पोस्टमास्तर होते. त्यांच्याविषयी पुढे सांगते. आधी इंटरनेटचं पाहू.

तुम्ही मोबाईलवर किंवा संगणकावर ब्राउझर उघडता. क्रोम म्हणा, फायरफॉक्स म्हणा, हे ब्राउझर. त्यात एखाद्या संकेतस्थळाचं नाव लिहिता आणि क्षणात पान समोर येतं. पण इंटरनेटवरच्या यंत्रांना आपली नावं कळत नाहीत. त्यांना लागतो आकड्यांचा पत्ता, पिनकोडसारखा. मग नावावरून आकडा कोण सांगतं? त्यासाठी एक मोठी व्यवस्था आहे. तिचं नाव डोमेन नेम सिस्टिम, थोडक्यात डीएनएस. पॉल मोकापेट्रिस या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९८३ साली ती आखली. त्याआधी सगळ्या संगणकांची नावं आणि पत्ते एकाच यादीत लिहून ठेवलेले असत. संगणक वाढले, यादी पुरेना, म्हणून ही नवी व्यवस्था आली.

म्हणजे होतं काय, तर तुम्ही कुठलंही संकेतस्थळ उघडण्याआधी तुमचा ब्राउझर कुणाला तरी हाक मारून विचारतो, “अहो, या नावाचं घर कुठे आहे?” पलीकडून आकडा सांगितला जातो, मग पुढचं काम. परगावी गेल्यावर आपण एसटी स्टँडवर पत्ता विचारतो ना, तस्सं!

आता डोकं चालवा. स्टँडवर तुम्ही ज्याला पत्ता विचारला, त्याला काय कळलं? तुम्ही कुठे निघालात ते कळलं. दिवसभरात तुम्ही त्यालाच वीस पत्ते विचारलेत तर तुमचा सगळा दिवस त्याला कळला. आणि हा प्रश्न तुम्ही मोठ्यानं विचारलात तर आजूबाजूच्या चार जणांनाही कळला.

इंटरनेटवर कितीतरी वर्षं हा प्रश्न असाच मोठ्यानं विचारला जात होता. अजूनही पुष्कळ ठिकाणी तसाच विचारला जातो. तुमच्या घरातल्या किंवा खोलीतल्या वाय-फायचा जो डबा असतो, तो राऊटर. प्रश्न आधी त्याच्याकडे जातो, तिथून इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे. वाटेत ज्याला ऐकायचं त्याला ऐकता येतं. काही राऊटर तर कोणत्या मोबाईलनं कोणतं नाव विचारलं, याची यादीही ठेवतात.

तुम्ही म्हणाल, “पण मॅडम, पत्त्याशेजारी ते कुलूप असतं ना?” असतं. पत्ता ‘एचटीटीपीएस’नं सुरू होत असेल, तर तुम्ही पानावर काय वाचलं, काय लिहिलं, कोणता पासवर्ड टाकला, हे मधल्या कुणाला वाचता येत नाही. ते बंद पाकीट आहे. पण पाकिटावरचा पत्ता? तो विचारतानाच उघडा पडलेला असतो.

आता बाबांची गोष्ट सांगते.

आमच्या गावात टपालाची पिशवी एसटीनं यायची. बाबा तिचं सील तोडायचे, पत्रं ओट्यावर मांडायचे आणि एकेकावर तारखेचा ठसा मारायचे. धप्प, धप्प! मी शेजारी बसून बघायची. पोस्टकार्ड तेव्हा १५ पैशांना मिळायचं. स्वस्त, म्हणून बहुतेकांचा कारभार त्यावरच. पण पोस्टकार्ड म्हणजे उघडं पत्र. ज्याच्या हातात पडलं, त्यानं वाचलं.

एकदा माझ्या आत्याच्या लग्नाची बोलणी चालली होती. मुलाकडच्यांचं उत्तर आलं ते पोस्टकार्डावर. बाबा त्या दिवशी कामानं आर्वीला गेले होते. ते कार्ड ओट्यावरच्या एका हौशी माणसानं उचललं आणि चारचौघांत मोठ्यानं वाचून दाखवलं. “मुलगी सावळी आहे, आमच्याकडून नकार समजावा.” आत्या तेव्हा विहिरीवर होती. ती घागर घेऊन घरी येईपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं होतं. तिला सोडून! पुढे कितीतरी दिवस ती पाण्याला दुपारच्या उन्हात जायची, कारण तेव्हा विहिरीवर कुणी नसायचं.

बाबा त्या माणसाशी भांडले नाहीत. पण त्या दिवसापासून त्यांनी एक रीत पाडली. ठसा मारून झाला की प्रत्येक पोस्टकार्ड पत्त्याची बाजू वर करून ठेवायचं. आणि कुणी “काय लिवलं आहे, मास्तर?” असं विचारलंच, तर ज्याचं पत्र त्यालाच, आणि त्यानं म्हटलं तरच, वाचून दाखवायचं. मला म्हणायचे, “पत्ता आपला, मजकूर त्याचा. समजलं का, पोरी?”

मला हे वाक्य फार आवडायचं. अजूनही आवडतं. पण संगणक शिकवायला लागल्यावर माझ्या ध्यानात आलं की, बाबांचं वाक्य इंटरनेटला जसंच्या तसं लावता येत नाही. कारण तिथे पुष्कळदा पत्त्यावरूनच मजकूर कळतो! एका मुलीचं सांगते, म्हणजे पटेल.

ती समुद्रपूर तालुक्यातली. अकरावीला वर्ध्यात शिकायला आली, आणखी तीन मुलींबरोबर एक खोली भाड्यानं घेऊन राहायची. घरमालकाचं वाय-फाय होतं. एक दिवस तिला आपल्या दंडावर एक फिकट चट्टा दिसला. पोरगी घाबरली. वर्ध्यात राहणाऱ्याला दत्तपूरचं कुष्ठधाम माहीत असतं. तिच्या मनात नको तोच विचार आला. आईला फोन करून सांगायची हिंमत होईना, मैत्रिणींना सांगायची तर बातच सोडा. मग तिनं रात्री पांघरुणात मोबाईल घेऊन कुष्ठरोगाची माहिती देणारी दोन-तीन संकेतस्थळं वाचली. वाचून झाल्यावर मोबाईलमधला इतिहाससुद्धा पुसून टाकला.

चार दिवसांनी खोलीतल्या मुली तिच्या बाटलीतलं पाणी पिईनाशा झाल्या. एकीनं आपली गादी दाराजवळ सरकवली. झालं होतं असं की, घरमालकांच्या घरातल्या कुणीतरी सहज म्हणून राऊटरची यादी उघडली होती. त्यात फक्त संकेतस्थळांची नावं होती, एक अक्षरही मजकूर नव्हता. पण नावात रोगाचं नाव होतं ना! त्यांनी ते एका मुलीला विचारलं, आणि मग काय, पसरायला कितीसा वेळ लागतो?

ती माझ्याकडे रडत आली. म्हणाली, “मॅडम, मी तं कोणालेच सांगतलं नोतं. यायले कसं मालूम पडलं?”

मी तिला सेवाग्रामच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी चट्ट्याला कापसानं हलकेच स्पर्श करून पाहिला, नीट तपासलं. साधी बुरशी निघाली, मलम लावून जाणारी. पण समजा, कुष्ठरोग असता, तरी काय? आज त्यावर पक्का इलाज आहे. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं, आणि औषध सुरू झालं की त्या माणसापासून रोग पसरत नाही. आणि जेव्हा असं औषध नव्हतं, तेव्हाही याच सेवाग्रामात गांधीजींनी कुष्ठरोगी परचुरेशास्त्रींना ठेवून घेतलं होतं आणि स्वतःच्या हातांनी त्यांची मालिश केली होती. परचुरेकुटी आश्रमात आजही आहे. पुढच्या सहलीत जरूर बघा. खोलीतल्या मुलींना मी हेच सांगितलं. त्या ओशाळल्या, गादी परत जागेवर आली. तरी त्या पोरीनं खोली बदललीच. एकदा गेलेला विश्वास मलमानं थोडाच परत येतो?

आता कामाचं बोलू. हा प्रश्न हळू आवाजात, बंद पाकिटातून विचारायची सोय आता झाली आहे. २०१८ साली तिचे नियम ठरले. इंग्रजीत तिला ‘डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस’ म्हणतात. म्हणजे ‘हे घर कुठे आहे?’ हा प्रश्नसुद्धा कुलूपबंद पाकिटात घालून पाठवायचा. वाटेतल्या राऊटरला पाकीट दिसतं, आतला प्रश्न वाचता येत नाही.

ही सोय ब्राउझरमध्येच असते. क्रोममध्ये सेटिंग उघडा, मग ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘सिक्युरिटी’. तिथे ‘यूज सिक्युअर डीएनएस’ असं बटण सापडेल. फायरफॉक्समध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त ‘डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस’ असा भाग आहे. नव्या आवृत्तीत नावं किंवा जागा थोड्या इकडेतिकडे झाल्या, तर सेटिंगच्या शोधचौकटीत डीएनएस लिहून शोधा. अँड्रॉइड मोबाईलमध्ये नवव्या आवृत्तीपासून ‘प्रायव्हेट डीएनएस’ आलं आहे. ते सबंध मोबाईलला लागू होतं.

एक बारकावा लक्षात ठेवा. क्रोमनं आपणहून निवडलेली रीत असेल, तर बंद पाकीट जमलं नाही की तो गुपचूप जुन्या उघड्या रीतीवर जातो. तसं नको असेल तर यादीतून पत्ता सांगणारा स्वतः निवडावा लागतो. फायरफॉक्समध्ये ‘मॅक्स प्रोटेक्शन’ निवडलं, तर पाकीट जात नसताना तो आधी तुम्हाला सावध करतो.

पत्ता सांगणारे कोण कोण आहेत? गूगलनं ही सेवा २००९ मध्ये सुरू केली. तिचा आकडा सोपा, चार वेळा आठ. क्वाड नाइन नावाची ना-नफा संस्था २०१७ मध्ये आली, तिचा आकडा चार वेळा नऊ. क्लाउडफ्लेअर कंपनीनं १ एप्रिल २०१८ ला सुरू केली, चार वेळा एक! तारीख बघून अनेकांना ती थट्टाच वाटली असेल.

पण थांबा. इथेच खरी गोम आहे. प्रश्न बंद पाकिटात घातला, तरी पाकीट कुणीतरी उघडणारच ना? नाहीतर उत्तर कसं देणार? म्हणजे तुम्ही कुठे जाता, हे आता घरमालकाऐवजी त्या सेवेला कळतं. तुम्ही विश्वासाचा माणूस बदललात, इतकंच. म्हणून ती सेवा कोणाची आहे, ती नोंदी किती दिवस ठेवते, कोणाला देते, हे तिनं जाहीर केलेल्या धोरणात वाचून मगच निवडा. माझ्या बाबांसारखा, पत्त्याची बाजू वर करून ठेवणारा पोस्टमास्तर शोधायचा!

आणखी एक. ही सोय म्हणजे काही जादूची टोपी नाही. पत्ता कळल्यावर ब्राउझर त्या घराचं दार ठोठावतो, तेव्हा पुष्कळदा नाव पुन्हा एकदा उघडपणे घेतलं जातं. तेही झाकायची नवी रीत आली आहे, पण ती सगळीकडे पोचलेली नाही. तेव्हा राऊटरमधली ती साधी यादी चुकेल, पण मुद्दाम पाळत ठेवणाऱ्याला थोडंफार कळेलच. आणि ‘प्रायव्हेट’ किंवा ‘इनकॉग्निटो’ खिडकी? ती फक्त तुमच्या मोबाईलमधला इतिहास ठेवत नाही. राऊटरला तिचा काही पत्ता नसतो, तो आपली यादी लिहीतच राहतो.

ब्राउझरच्या नाहीतर संगणकाच्या सेटिंगमध्ये ‘प्रॉक्सी’ नावाचीही एक चौकट असते. कॉलेजात एकाची हजेरी दुसरा लावतो, त्याला प्रॉक्सी म्हणतात, ठाऊक आहे ना? हीसुद्धा तशीच. तुमच्या वतीनं दुसराच संगणक सगळीकडे जातो. तिथे घरच्या कुणीही न भरलेला पत्ता आणि आकडा दिसला, तर तुमची सगळी टपाल कुणा परक्या माणसाच्या हातून चालली आहे असं समजा आणि लगेच मोठ्यांना दाखवा. फुकटच्या व्हीपीएनचंही असंच. तोही मधला माणूसच. तो फुकट का राबतो, हा प्रश्न विचारायला हवा. आणि हो, शाळेच्या किंवा दुसऱ्याच्या संगणकाच्या सेटिंगला हात लावायचा नाही. ते घर आपलं नाही.

आता आईबाबांसाठी दोन शब्द. तुमच्या मनात आलं असेल, “मुलांना लपवायला शिकवता की काय?” प्रश्न रास्त आहे. घरच्या वाय-फायवर तुम्ही नको त्या संकेतस्थळांना अडवणारी गाळणी बसवली असेल, तर मुलानं ब्राउझरमध्ये डीएनएस बदलल्यावर ती निकामी होऊ शकते. म्हणून हे काम मुलानं एकट्यानं करू नये, दोघांनी शेजारी बसून करावं. नको ती संकेतस्थळं गाळून पत्ता सांगणाऱ्या सेवाही आहेत. क्लीनब्राउझिंगची कुटुंबासाठीची सेवा आहे, क्लाउडफ्लेअरनंही २०२० मध्ये तशी सेवा काढली. म्हणजे बंद पाकीटही मिळतं आणि गाळणीही राहते.

आणि लपवण्याचं म्हणाल, तर गांधीजींना सार्वजनिक कामात लपवाछपवी मुळीच खपत नसे. पण त्यांनी जे उघडं केलं ते स्वतःचं. स्वतःचं आयुष्य आपण होऊन उघडं करणं वेगळं, आणि कुणीतरी येऊन आपलं पत्र फोडणं वेगळं. इंग्रज सरकार पुढाऱ्यांची पत्रं फोडून वाचायचं, ते आपण अन्याय म्हणूनच शिकलो ना? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की, खासगीपणा हा आपल्या राज्यघटनेनं दिलेला मूलभूत हक्क आहे. २०२३ साली संसदेनं माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. त्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे, आणि कंपन्यांनी मुलांचा माग काढण्यावर, त्यावरून त्यांना जाहिराती दाखवण्यावर बंधन घातलं आहे.

कायदा आपल्या जागी. पण कायद्याला आमच्या ओट्यापर्यंत कुठे येता आलं होतं? तिथे ती रीत बाबांनीच पाडावी लागली.

म्हणून मुलांनो, या रविवारी घरी एक काम करा. आईबाबांना शेजारी बसवा आणि तीन गोष्टी वहीत लिहून काढा. आपला ब्राउझर पत्ता कोणाला विचारतो? उघड्यावर विचारतो की बंद पाकिटातून? आणि प्रॉक्सीच्या चौकटीत कोणी काही भरून ठेवलं आहे का?

चौथी गोष्ट वहीत लिहायची नाही, पण तीच सगळ्यात मोठी आहे. आज ना उद्या तुमच्यातल्या कुणाच्या तरी हाती घरच्या, दुकानाच्या, नाहीतर वसतिगृहाच्या राऊटरचा पासवर्ड येईल. यादी समोर दिसेल. ताईनं काय पाहिलं, भाडेकरूनं कोणत्या रोगाची चौकशी केली, शेजारच्या दादाला कोणत्या कर्जाची काळजी आहे, सगळं एका बोटाच्या अंतरावर असेल. त्या वेळी आत्याची घागर आठवा आणि पान बंद करा.